खडकाची दुसरी खूण

"मनोऱ्याच्या खांद्यावर डोंगराचं शिंग टेकव,
नऊ वाव दोर सोड गं बाई, नऊ वाव…"

इथवर अप्पन, माझा बाप, शब्दांत गायचा. पुढची ओळ मात्र ओठ मिटून, नुसती गुणगुणत. तो वल्ह्याला तेल चोळत बसायचा, मी त्याच्या पाठीला पाठ लावून. ती गुणगुण माझ्या हाडांत उतरायची.

"अप्पन, पुढचं सांग ना."

"पुढचं खडकाला माहीत आहे, मोळे, माझ्या पोरी."

आमच्याकडे समुद्रातला खडक असाच लपवतात. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत आणायच्या, ही एक खूण. दुसऱ्या दोन वस्तू एका रेषेत, ही दुसरी. रेषा एकमेकींना छेदतात तिथे, होडीखाली, खडक. एक खूण गाण्यात घातली तरी चालते. दुसरी फुटली की खडक गेला.

आमचा गेला. बत्तीस वर्षांपूर्वी एका ट्रॉलरने त्यावरून जाळं ओढलं आणि मासळीचं घर मोडून नेलं. खुणा ठाऊक होत्या त्या अप्पनच्या होडीतल्या तिघांना: अप्पन, त्याचा धाकटा भाऊ एस्तप्पान, म्हणजे माझा कोचप्पन, आणि जोडीदार पनियडिमा. सख्ख्या भावावर कोण संशय घेणार, आणि तो तर त्या दिवसांत सासुरवाडीला गेलेला? अप्पनने पनियडिमाच्या दारात जाऊन स्वतःचं वल्हं मोडलं, म्हणजे जोडी तुटली. त्यानंतर पनियडिमाला कुणी होडीत घेतलं नाही. लोकांची जाळी सांधत तो म्हातारा झाला आणि गेला. त्याची बायको मेटिल्डा अजून किनाऱ्यावर काथ्याचा दोर वळते. मासळीला नवं घर म्हणून मी समुद्रात सोडणार होते त्या मडक्यांचे दोरही तिनेच वळले.

मडकी कुंभारांनी टाकून दिलेली, तडकलेली. प्रत्येकाला तीन भोकं पाडायची, शिंपल्यांच्या चुन्याचा जाड लेप द्यायचा, गळ्यात नारळाच्या झावळ्या बांधायच्या. भोकांत गोब्रा माशाची पिल्लं दडतात, झावळ्यांत माकूल अंडी घालते, चुन्यावर कालवं धरतात. पाणी आता फेब्रुवारीतच कोमट लागतं, तारली मासळी थंडाव्याच्या मागे दूर गेली. जी पिल्लं अजून इकडे फिरकतात त्यांना निदान सावली तरी असावी, एवढाच माझा हिशेब.

"काय गं ब्रिजिता, समुद्राला रसम करून घालतेस?" बायका विचारायच्या.

पहिली तीस मडकी सोडली त्या दिवशी पाणी गढूळ होतं. माझा नवरा क्लीटस कालवं काढणारा, एका दमात तळ गाठणारा. तो म्हणाला, "थांबू या. मी आधी बघून येतो, निवळलं की."

"अप्पनचं गाणं चुकायचं नाही," मी म्हटलं.

चर्चचा मनोरा डोंगराच्या शिंगाखाली आणला, पसरल्या हातांचा एक असे नऊ वाव दोर जिथे तळाला टेकला तिथे मडकी सोडली. आठ दिवसांनी क्लीटसने बुडी मारली. तीसच्या तीस मडकी गळ्यापर्यंत चिखलात.

मग किनाऱ्यावरचं हसणं थांबलं. ते मला जास्त टोचलं. मी जवळ गेले की बोलणी तुटायची. "फोनमध्ये जागा टिपून घेते म्हणे," असं माझ्या पाठीला ऐकू यायचं. "मडकी नुसती दाखवायला. ट्रॉलरवाल्याला नेऊन देईल." बत्तीस वर्षांपूर्वीची नजर आता माझ्यावर होती. एकट्या मेटिल्डाने कधी तशी नजर टाकली नाही. ती नजर तिने पुरेशी सोसली होती.

उरलेली चाळीस मडकी वाळूत ओळीने बसलेली. महिनाभरात समुद्र खवळला असता, मग वर्ष गेलं असतं. आणि वर्षभराने मला होडी कुणी दिली असती?

रात्रंदिवस एकच गोष्ट आठवत होती. मडकी न्यायच्या सकाळी मी कोचप्पनला सहज सांगितलं होतं, "मनोऱ्याची खूण धरून जातेय." तो चटकन बोलून गेला, "कुठला मनोरा?" आणि लगेच विडी पेटवायला वळला.

मी चर्चच्या अंगणात जाऊन उभी राहिले. नवा मनोरा बांधून पंधरा वर्षं झाली. जुना पाडला तिथे आता सणाच्या झेंड्याचा खांब आहे, तीस पावलं दक्षिणेला. किनाऱ्यावरची तीस पावलं समुद्रात किती होतात, कोळ्याच्या पोरीने विसरावं?

पण कोचप्पन विसरला नव्हता. त्याने मला चिखलात जाऊ दिलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी त्याच्या ओट्यावर जाऊन म्हटलं.

"काय?"

"मनोरा. आणि दुसरी खूणही."

"म्हाताऱ्याला काय आठवतं, मोळे."

"सकाळी दात कुठे ठेवले ते नाही आठवत. खडक आठवतो."

तो हसला नाही. "मेलेला खडक उकरून काय मिळणार तुला? खाली काय आहे ते बघून तरी काय करशील?"

"काय आहे खाली?"

त्याने पाय वर घेतले. "फोन घरी ठेव," शेवटी म्हणाला. "नवऱ्याचाही. मग येतो."

उजाडताच निघालो. कोचप्पन होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, एक डोळा मिटून. "झेंड्याचा खांब शिंगाखाली घ्या. अजून. हं." मग मान उत्तरेला वळवली आणि मला अप्पनची गुणगुण ऐकू आली. या वेळी तिला शब्द होते:

"दिवा चुन्याच्या भट्टीमागे झाकू दे,
घर माझं तिथं गं बाई, घर तिथं."

दीपस्तंभ भट्टीच्या पडक्या भिंतीमागे गेला तशी त्याने शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडली, दोन बोटांत धरून. एकदा उचलून टेकवली. टणक लागलं.

"खडक."

क्लीटसने बुडीचा चष्मा चढवला. "पाय सांभाळ," कोचप्पन म्हणाला, "जाळं अडकलेलं असेल. निळं."

क्लीटस गेला. मी श्वास मोजत राहिले. वर आला तो मुठीत जाळ्याचा तुकडा घेऊन, शेवाळलेला. अंगठ्याने शेवाळ खरवडलं. खाली निळा धागा.

"खडक आहे, ब्रिजिता! मोडका, पण मांडी घालून बसलाय!" मग तो जाळ्याकडे बघायला लागला, मग कोचप्पनकडे. "कोचप्पन, निळं आहे हे तुम्हाला…"

मी त्याचा दंड दाबला. एखादं वाक्य माणसाने स्वतःच्या तोंडाने बोलायचं असतं.

चाळीस मडकी एकेक करून खाली सोडली. प्रत्येक दोर कोचप्पनच्या हातातून गेला. मडकं टेकलं की तो "हं" म्हणायचा. मग वल्ही मारत परतलो.

किनाऱ्यावर लोक जमले होते, हात छातीशी बांधून. मेटिल्डा नेहमीच्या जागी दोर वळत होती. कोचप्पन गुडघाभर पाण्यात उतरला, कुणाचा हात धरला नाही. भिजलेली लुंगी सावरत थेट तिच्यापुढे जाऊन उभा राहिला, निळा तुकडा तिच्या दोरावर ठेवला.

"झाली का मडकी सोडून?" मेटिल्डाने वर न बघता विचारलं.

"मेटिल्डा," तो म्हणाला. मग आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका. "त्या साली मी सासुरवाडीला गेलोच नव्हतो. भावाशी भांडून ट्रॉलरवर चढलो होतो. ट्रॉलरचा तांडेल म्हणाला, तुम्ही होडीवाले, तुम्हाला काय समुद्र कळतो. मला राग आला. मी त्याला दोन्ही खुणा दाखवल्या. पनियडिमाने नव्हे. मी."