चोरलच्या रेतीतले माग

मित्रांनो, मी एक जुनी सागाची काठी आहे. इंदूरच्या एका मराठी शाळेत, विज्ञानाच्या कपाटामागे मी धूळ खात उभी असते. माझ्या अंगावर चाकूने इंचांच्या खुणा कोरल्या आहेत. त्या मालोजींनी कोरल्या. मालोजी इंदूर संस्थानच्या शिकारखान्यात जनावरांचे माग काढत. वाघाचा पंजा ते माझ्यावर मोजत आणि साहेबलोक त्यांची पाठ थोपटत. तेव्हा मलाही फार अभिमान वाटे.

पुढे संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झाले आणि शिकारखाना बंद पडला. मग शाळेतले शंकरराव मास्तर मालोजींना म्हणाले, "तुमची विद्या आता मुलांना द्या." म्हणून नाताळच्या सुट्टीत बारा मुलांना घेऊन आम्ही चोरल नदीकाठी आठ दिवस तंबू ठोकले.

कडाक्याची थंडी होती. सकाळी ओलसर रेतीत पावले स्वच्छ उमटत. "पाऊल तुडवू नका, बाजूनं चला. सूर्याकडे तोंड करून बघा, ठसा उठून दिसतो," मालोजी सांगत. सर्वांत तल्लख होती अकरा वर्षांची सुलोचना. चौथ्या दिवशी तिला एक मोठा ठसा सापडला. तिने मला शेजारी ठेवले. बरोबर तीन इंच! जवळच इवलीशी पावले होती, दोन पिल्लांची.

"बिबटीण," मालोजी हळूच म्हणाले. "वहीत लिहा, पण बाहेर कुणाला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी मालोजी मुलांना घेऊन पलीकडच्या काठावर गेले होते. सुलोचना तापामुळे तंबूत राहिली होती आणि मीही तिच्याजवळच होते. तेवढ्यात तिचे मामा दौलतराव जीप घेऊन तिला भेटायला आले.

"काय शिकलीस, बेटा? जरा आम्हाला पण दिखाव ना!"

मामा काही बाहेरचे नव्हते. तिने मला हातात घेतले, मामांना रेतीपर्यंत नेले आणि माझ्याच टोकाने एकेक पाऊल दाखवले. मामांनी तिला शाबासकी दिली आणि तंबूत परत सोडले. जीपमध्ये बंदूक आहे, हे तिला माहीत नव्हते.

दुपारी दोन बार ऐकू आले. जीप परतली तेव्हा मागे बिबटीण पडलेली होती.

"तुझ्यामुळेच मिळाली बघ!" मामा हसत म्हणाले. मी तिच्या हातून गळून पडले.

बार ऐकून परत आलेल्या मालोजींनी बिबटिणीच्या पोटावरून हात फिरवला. "अंगावर दूध आहे हिच्या," एवढेच ते बोलले.

दोन दिवस आम्ही पिल्लांना शोधत होतो. रक्त सांडले होते त्या जागेभोवती त्यांची पावले फिरफिरून गेली होती. तिसऱ्या सकाळी करवंदीच्या जाळीत एक पिल्लू सापडले, थंडीने ताठ झालेले. दुसऱ्याचा माग खडकापाशी संपला.

"माझ्यामुळे ना, मालोजी?" सुलोचनेने विचारले.

"होय, पोरी. आणि मी तर असे किती माग काढून दिले, त्याची गणती नाही."

त्यांनी मला शाळेत ठेवले आणि पुन्हा कधी हातात घेतले नाही.

मित्रांनो, माग काढायला जरूर शिका. पण एखादे जनावर कुठे निजते, पिल्ले कुठे ठेवते, हे कळले तर ते मनातच ठेवा. कितीही जवळचे माणूस विचारो. त्या दुसऱ्या पिल्लाचे काय झाले, ते मला आजवर कुणीच सांगितलेले नाही.