बोलका नवरा

रूपाली चाळीसगावची, बोलघेवडी. तिला धरणगावकडच्या एका खेड्यात दिली, आणि लग्नाची हळद उतरली नाही तोच नवरा हितेंद्र परदेशात हॉटेलच्या नोकरीला गेला. म्हणजे एजंट तसं म्हणाला होता. तिथे उतरल्यावर त्याच्या हातात झाऱ्याऐवजी बंदूक आली आणि दुसऱ्यांच्या लढाईत त्याला खंदकात नेऊन बसवलं. त्या एजंटचं वाटोळं होवो.

पण तिथून फोन यायचे. आणि काय फोन यायचे! हितेंद्र एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. आज भाजी कोणती केली, लग्नात ती कुणाकडे बघून हसली, अंगणात झोका कुठे टांगायचा, मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं. मागे धडाधड आवाज चालू, आणि हा झोक्याच्या कड्यांबद्दल बोलतोय. लग्नात जो कळला नव्हता तो नवरा तिला फोनवर कळला. त्या माणसावर तिचा जीव जडला.

सुटून घरी आला तो मात्र मुका. काही विचारलं की नुसती मान हलवायचा. दिवसभर ओट्यावर बसून राहायचा. लढाईने वाचा नेली, असं रूपालीने ठरवून टाकलं. उशिरा बोलणाऱ्या लेकरांना चाटवतात तसं तिने वेखंड उगाळून मधातून त्याला चाटवलं. बिचाऱ्याने तोंड वाकडं केलं, पण चाटलं.

ते बघून सासू बेबाबाई हसत सुटली. "आवं, तो लहानपनपाईनच घुम्या शे! शाळामा मास्तर बी त्याले मुका म्हनेत. लढाईले काय धरी बसनी तू?"

रूपालीला हसू आलं नाही. मग फोनवर कोण बोलत होतं?

सासू शेतात गेल्यावर तिने त्याला विचारलंच.

"तठे गोळ्या देयेत," तो म्हणाला. "झोप याले नको, भूक लागाले नको म्हनीसन. ती खादी का तोंड थांबेच नही. तो मी नव्हतू, रूपाली. गोळी बोले."

"आणि झोका?"

"माले याद नही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा समोर होता, आणि आयुष्यात इतकं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं. हितेंद्र उठला, बॅगेच्या तळातून एक चुरगळलेली पट्टी काढली. तीत एकच गोळी उरली होती.

"एक शे आजून," तो हळूच म्हणाला. "खाऊ का? बोलसु तुनासंगे."

रूपालीने गोळीकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. पण जरा उशिरा म्हणाली. आणि तेवढ्यात हितेंद्रला कळून चुकलं, की या घरात वाट पाहिली गेली ती त्याची नव्हती.