कस्तुराची घागर

बारा दिवसांत गिरजाबाईचे पाय पार भरून आले होते. रोज वस्तीवर जायचं, बायांची समजूत काढायची, आणि घरी येऊन लेकाचं फुगलेलं तोंड बघायचं. गावची जमीन कंपनीनं घेतली आणि पहिली नोकरी लागली वस्तीवरच्या खंडूला. झालं, पोरांची माथी फिरली. मारामाऱ्या झाल्या, आणि गिरजाबाईच्याच लेकानं, किसननं, गावचा एकुलता एक नळ वस्तीला बंद केला. बाया मैलभर नदीवर जायला लागल्या. त्यात खंडूची बायको परवाच बाळंत झालेली.

पुरुषांच्या तीन बैठका झाल्या. चहा तेवढा संपला. मग गिरजाबाईनं आपल्या अकलेनं हळदीकुंकू काढलं, चौघींना मिनतवाऱ्या करून तयार केलं आणि भर दुपारी ताट घेऊन वस्तीवर गेली.

खंडूची आई कस्तुरा दारातच बसली होती. ताटाकडे बघून म्हणाली, "बाई, हे आमी छप्पन साली, धरम बदलला तवाच सोडलं. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

गिरजाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षं एका गावात राहून एवढंही ठाऊक नसावं! बरोबरच्या चौघींनी तर पदर सावरत घरचा रस्ता धरला.

"चुकलं माझं," गिरजाबाई म्हणाली. "निदान घोटभर पानी दे. तुझ्या घरचं पिते, समद्यांदेखत."

"बाळंतिणीला पुरत न्हाई, बाई. तुमाला कुठनं देऊ?"

गिरजाबाईला स्वतःचाच संताप आला. पाणी पिऊन उपकार करायला निघाली होती मोठी! दारातली रिकामी घागर उचलून ती तडक नळावर गेली. कस्तुरा मागं मागं आली आणि लांबच थांबली.

नळापाशी किसन चार पोरांना घेऊन बसला होता. "आई, ती घागर कुनाची?"

"कस्तुराची."

"ठेव खाली. गावाचं ठरलंय."

"मला कुनी इचारलं न्हाई." तिनं नळ सोडला. "हात धरायचा तर धर, किसन. मी लई दमलेय."

किसन उठला, पोरांकडे बघत नुसताच उभा राहिला. घागर भरली. ती उचलून द्यायला मात्र कुणी पुढं आलं नाही, आणि एकटीला ती हलेना.

"कस्तुरा, ये. हात लाव."

कस्तुरानं एकवार किसनकडे बघितलं आणि बारा दिवसांनी नळापाशी आली. दोघींनी घागर उचलली. कस्तुरानं ती आपल्या डोक्यावर घेतली.

"अजून दोन लागतील, बाई."

"आन," गिरजाबाई नळाच्या ओट्यावर टेकत म्हणाली. "मी हितंच बसते."