गाडी की गादी

मी गिअरबॉक्स बोलतोय, पौडच्या नसीर पिंजारींच्या व्हॅनचा. तुम्ही जो दांडा पुढे-मागे करता, त्याच्या खाली अंधारात, तेलात बुडून मी बसलेला असतो. एरवी माझी कुणाला आठवण नसते. माझं नाव घरात निघालं की समजायचं, काहीतरी बिघडलंय.

माझा पहिला मालक दूधवाला होता. तो सदा घाईत असायचा. गाडी पुरती थांबायच्या आत रिव्हर्स टाकायचा, आणि माझे दात करकरायचे. त्याने गाडी विकली तेव्हा मी सुटलोच म्हणायचं.

नसीरभाईंचा पौडच्या बाजारात गाद्यांचा कारखाना. कापूस पिंजायचं यंत्र दिवसभर धडधडतं, आणि तयार गाद्या आम्ही माण गावातल्या भाड्याच्या खोल्यांवर नाहीतर कासार आंबोलीच्या बंगल्यांवर पोचवतो. माणूस लाखात एक. ‘बिस्मिल्ला’ म्हटल्याशिवाय किल्ली फिरवत नाहीत, क्लच अर्धा दाबून ठेवत नाहीत. खोड एकच, डावा हात कायम माझ्या दांड्यावर. नुसता हात ठेवल्याने काय होतंय, असं तुम्हालाही वाटेल. पण त्या हाताचा भार आत माझ्या सांध्यांवर येतो आणि ते हळूहळू झिजतात. मी मनातल्या मनात कुरकुरायचो.

पुढे माझं एक सील फाटलं आणि तेल ठिबकायला लागलं. दारातल्या फरशीवर रोज सकाळी काळपट डाग पडायचा. नसीरभाईंच्या पत्नी, फहमिदाभाभी, फार टापटिपीच्या. त्यांना डाग खपत नाही. नसीरभाई दारात यायच्या आत त्या सोडा टाकून फरशी लख्ख करायच्या. मी रोज निरोप ठेवायचा आणि भाभींनी तो पुसायचा, असं चाललं होतं.

तेल कमी झालं तसा मी कण्हायला लागलो. रस्त्यावरची माणसं वळून बघायची. माणच्या गोजराबाईंनी पूर्वीच्या भातखाचरावर खोल्या बांधल्यात, त्यांच्याकडे आमची नेहमीची खेप. एकदा त्या म्हणाल्या, “नसीर, गाडी लई रडतीया रं तुझी.”

“दबंल कशी, मावशी? अस्सल कापसाची हाय. धा वर्सं बसायची न्हाई.”

गाडी म्हटलं तर हा गादीचं सांगतो, म्हणून गोजराबाई पोट धरून हसल्या. नसीरभाईही हसले. त्यानंतर त्या मुद्दाम विचारायच्या, “गाडी काय म्हणतीया?” आणि नसीरभाई मुद्दाम असल्यासारखं गादीबद्दल बोलायचे. सगळ्यांना वाटायचं, मोठा विनोदी माणूस आहे. मलाही तसंच वाटलं.

मग कासार आंबोलीच्या एका बंगल्याचा चढ आला. नसीरभाईंची मुलगी जस्मीन सुट्टी होती म्हणून सोबत आली होती. गाद्या मागे सरकू नयेत म्हणून ती मागचं दार धरून पायी चालत होती. अर्ध्या चढावर माझा झिजलेला गिअर सटकन निसटला. गाडी मागे घरंगळायला लागली. जस्मीनची ओढणी दारात अडकली होती. ती जिवाच्या आकांताने ओरडली. बंगल्याच्या माळ्याने खुरपं टाकून धाव घेतली, इतका तो आवाज लांब गेला.

नसीरभाईंना तो ऐकू गेला नाही. पण त्यांच्या तळहाताला दांडा सैल लागला, आणि पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली.

ते खाली उतरले. जस्मीन दारातून ओढणी सोडवत होती.

“अब्बा, मी ओरडत होते.”

“कदी?” नसीरभाईंनी विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कापूस पिंजायच्या त्या यंत्राने माझ्या मालकाचे कान केव्हाच नेले होते. इंजिन कधी गिअर मागतंय हे कानाला कळत नव्हतं, म्हणून ते तळहाताने ऐकत होते. ज्या हाताने मला झिजवलं, त्याच हाताने पोर वाचवली. मी त्या हाताला उगाच नावं ठेवली.

मला दादासाहेब मिस्त्रींनी खोललं. नवं सील, नवा गिअर, नवं बेअरिंग, ताजं तेल पडलं. फरशीच्या डागाचं ऐकून ते भाभींना एवढंच म्हणाले, “वहिनी, पुसायच्या आदी एकदा दाखवायचा.” आणि जस्मीनने अब्बांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते नाही म्हणाले नाहीत.

कानात मशीन बसल्यावर पहिल्यांदा गाडी वळवताना ते दचकले. ही टिकटिक कसली, म्हणून विचारू लागले.

“इंडिकेटर आहे, अब्बा,” जस्मीन म्हणाली. “पहिल्यापासून वाजतो.” मग ती खिडकीबाहेर बघत बसली.

परवा माणला गेलो. गोजराबाई म्हणाल्या, “नसीर, गाडी गप झाली रं.”

“व्हय, मावशी. इतके दिस तुमी सांगत व्हता, मला गादीच ऐकू यायची.”

गोजराबाई हसल्या नाहीत. चहा टाकते म्हणाल्या आणि आत गेल्या.

तुम्हाला माझं सांगणं थोडकंच आहे. गाडीखाली थेंब दिसला, गिअर टाकताना खरखर झाली, की आजचं उद्यावर टाकू नका. आणि एखादा माणूस गाडी म्हटल्यावर गादीचं बोलत असेल, तर हसून झाल्यावर एकदा जवळ जाऊन त्याला विचारा.

आता नसीरभाईंचे दोन्ही हात स्टेअरिंगवर असतात. माझ्या सांध्यांना आराम आहे. तरी चढ लागला की मी त्या हाताची वाट बघतो.