आप्पांच्या देखत

धनाजीला त्या खोलीत धड बसवेना. मुरुम गावातल्या लहान मुलांच्या दवाखान्यातली एवढीशी खोली, खाली सतरंजी, सतरंजीवर त्याची दीड वर्षाची अक्षदा आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसलेले त्याचे वडील, धुळाप्पा, म्हणजे त्याचे आप्पा. बाकी सगळं चाललं असतं हो, पण ती खुर्ची तेवढी नको होती.

बायको दुसऱ्या खेपेला पोटुशी. बीपी वाढलं म्हणून तिला सोलापूरला दवाखान्यात ठेवलेलं. त्याची आई तर केव्हाच गेलेली. बायको सोलापूरला गेल्यापासून अक्षदा आजोबांना चिकटली होती, आणि आजोबा उद्या मेंढरं घेऊन दूरच्या चराईला निघणार होते. म्हणजे उद्यापासून पोर आणि धनाजी, दोघंच. ती तर त्याला पाहिलं की तोंड फिरवायची.

आधी डॉक्टरांनी पोरीचं वजन केलं, ते उतरलेलं निघालं. पोर अजून बोलत नव्हती, म्हणून कान तपासले, ते ठीक होते. मग त्यांनी विचारलं, हिच्याशी घरात बोलतं कोण? धनाजी बोलणार काय? वडीलधाऱ्यांच्या देखत स्वतःचं लेकरू उचलायचं, त्याचे लाड करायचे, म्हणजे त्यांच्या समाजात अगदी निलाजरेपणा. हा गडी दुसऱ्याची पोरं खांद्यावर घेऊन जत्रा फिरवील, पण स्वतःची रडली तर म्हणणार, 'हिला बघा रे कुणीतरी.'

डॉक्टरांनी त्यांना उमादेवी सिस्टरांकडे पाठवलं. सिस्टरांची रीत अशी, की आईबाप लेकराशी खेळतात ते मोबाइलवर घ्यायचं आणि लगेच त्यांनाच दाखवायचं, काय छान जमलं ते. त्यांनी चित्रांचं पुस्तक धनाजीच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, खेळा.

खेळा म्हणे. धनाजीनं पुस्तक उघडलं, मिटलं, कपाळावरचा घाम पुसला, दाराकडे पाहिलं. "ही बघ गाय," असं तो पुस्तकालाच सांगून मोकळा झाला. अक्षदा सरकत सरकत आजोबांच्या खुर्चीकडे निघाली. उद्या ही कुणाकडे सरकणार होती?

सिस्टरांनी मोबाइल खाली घेतला. आता सिस्टर आप्पांना बाहेर बसायला सांगणार, या विचारानं धनाजी आणखीच चुळबुळला, कारण तेही त्याला खपलं नसतं. पण धुळाप्पा आपणच उठले. बाहेर मात्र गेले नाहीत. खिडकीकडे तोंड करून, लेकाकडे पाठ फिरवून उभे राहिले.

"म्या बघत न्हाय," ते म्हणाले. "तुमचं चालू द्या."

सिस्टरांनी मोबाइल पुन्हा वर धरला. धनाजीनं त्या पाठीकडे एकदा पाहिलं. मग गुडघ्यांवर आला आणि कोकरासारखा बारीक ओरडला. अक्षदा थबकली, वळली. तिनंही तोंड उघडून तसाच आवाज काढला. पुन्हा तो, पुन्हा ती. खुदकन हसली, डुलत डुलत त्याच्यापाशी आली आणि दोन्ही हात वर केले. धनाजीचे हात पुढे झाले; नजर तेवढ्यात खिडकीकडे गेली, आणि ते तिथंच अडकले.

सिस्टरांनी चित्रण दाखवलं. पोरगी कशी वळली, कशी आवाजाला आवाज देत होती, सगळं कौतुकानं सांगितलं. मोबाइलमधलं ते ओरडणं ऐकून धुळाप्पा मागं येऊन उभे राहिले होते. परत लावा म्हणाले. वर केलेल्या त्या दोन हातांपाशी त्यांनी बोट धरलं.

"ह्यो बी असाच हात करायचा माझ्याफुडं."

मग तुम्ही उचलत असाल, सिस्टर हसून म्हणाल्या.

"न्हाय. माझा बा बसलेला असायचा."

धनाजीला त्यातलं काही आठवत नव्हतं, आठवणार तरी कसं. पण त्याला राग आला, कुणाचा ते कळेना. अक्षदा त्याची विजार ओढत उभी होती. तो आप्पांकडे बघतच राहिला.

"माझ्याकडं काय बघतूस," धुळाप्पा म्हणाले. "उचल तिला."