पितळी दाराची लिफ्ट आणि छोटा उतारू

मी ओसाका शहरातल्या एका मोठ्या दुकानातली फार जुनी लिफ्ट आहे. माझे दार पितळेचे आहे, आतले लाकूड अक्रोडाचे आहे आणि मला चालवायला शेवटपर्यंत माणूस लागायचा. मित्रांनो, चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, वजने राहतात. तारांच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळे, असा माझा जन्मभराचा तोल आहे. त्यात एक ओली छत्री जास्त आली तरी मला कळते.

माझे चांगले दिवस रविवारी उजाडत. घरातली सगळी माणसे ठेवणीतले कपडे घालून यायची. कापडाच्या मजल्यावर बायका रेंगाळायच्या आणि मुले गच्चीवरच्या पाळण्यांसाठी त्यांचे हात ओढायची. पांढरे हातमोजे घातलेल्या मुली मला चालवत आणि प्रत्येक मजल्यावर कमरेत वाकून गिऱ्हाइकांना नमस्कार करत. लोक माझ्या पितळेत स्वतःला पाहून केस सारखे करत. मला त्याचा अभिमान होता.

त्या काळात इसामू नावाचा पाच वर्षांचा मुलगा आई आणि बहिणीबरोबर यायचा. त्याला पाळणे नको असत, मीच हवी असे. बहीण चिझुए नऊ वर्षांची होती आणि तोंडाने फटकळ होती.

“उतर आता, गोचिडा. आई खोळंबलीय.”

“आणखी एकदा, ताई.”

“पुढच्या वेळी दिवसभर बस. मी घ्यायला येईपर्यंत उतरूच नकोस. मग तर झालं?”

“नक्की?”

“नक्की.”

दोघांनी करंगळीत करंगळी अडकवून वचन पक्के केले आणि तो उतरला.

पुढच्या वेळी त्यांची आई एकटीच आली. तिने काळे कपडे घातले होते. उन्हाळ्यातल्या तापात इसामू गेला, आणि आता आम्ही सगळे बोटीने ब्राझीलला निघालो आहोत, असे तिने लिफ्टवालीला सांगितले. ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी, दुकान उघडण्याआधी, माझी जमीन किंचित दबली. आत कोणीच आले नव्हते. वजन मात्र मी लगेच ओळखले.

लिफ्टवालीलाही ते जाणवले. मला मजल्याशी बरोबर जुळवून थांबवताना तिचा हात दरवेळी थोडा चुकू लागला. ती घाबरली नाही. तिने कोपऱ्याकडे वळून नमस्कार केला, आणि पुढे प्रत्येक नव्या मुलीला शिकवले की तो कोपरा मोकळा ठेवायचा. गिऱ्हाइकाला “उतरा” म्हणायचे नाही, हा आमच्या दुकानाचा नियम होता. छोट्या गिऱ्हाइकालाही कोणी तसे म्हटले नाही. त्या मुली मोठ्या झाल्या, लग्न करून गेल्या, म्हाताऱ्या झाल्या. तो तेवढाच राहिला. रिकाम्या दुपारी मी वरखाली जायची तेव्हा कोपऱ्यातले वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जायचे. वाट पाहणारी मुले करतात तसे.

मग सरकते जिने आले. माझ्या शेजारच्या लिफ्ट काढून बटणांच्या लिफ्ट बसवल्या. माझ्याकडे फक्त पर्यटक येऊ लागले, तेही फोटोपुरते. शेवटी मला बंद करून दोन मजल्यांच्या मध्ये कायमची अडकवून ठेवायचे ठरले.

“बरं झालं, मिनेगिशीबाई,” पर्यटकांना फिरवणारा वाटाड्या बंद व्हायच्या दिवशी सकाळी माझ्या शेवटच्या लिफ्टवालीला म्हणाला. “तुमच्या पायांना आराम.”

“माझ्या पायांचं सोडा,” ती म्हणाली. “आतल्या छोट्यानं जायचं कुठे?”

तो हसला. ती हसली नाही.

त्याच सकाळी ब्राझीलहून आलेल्या मंडळींना घेऊन तो माझ्यात शिरला. सगळे वर उतरले. एक आजी मागे राहिल्या.

“आजी, चला की, पुढे चहा आहे.”

“चहा आमच्याकडेही मिळतो रे. तू हो पुढे.” मग त्या मिनेगिशीबाईंकडे वळल्या. “मी चिझुए. माझ्या धाकट्या भावाला इथून घ्यायला येईन म्हणाले होते.”

मिनेगिशीबाईंनी कोपऱ्याकडे हात केला. “तिथे आहेत ते. आमच्या आधीपासून.”

“आणि कोणीच त्याला उतर म्हणालं नाही?”

“गिऱ्हाइकाला कसं म्हणणार, आजी?”

चिझुएआजी कोपऱ्याकडे वळल्या. “इसामू, चल. मी आलेय.”

वजन भिंतीला आणखी चिकटले. तो नऊ वर्षांच्या मुलीची वाट पाहत होता, मित्रांनो. या पांढऱ्या केसांच्या बाईला तो ओळखत नव्हता.

आजी हळूच म्हणाल्या, “माझं तोंड त्यानं पाहिलंय कुठे धड? आम्हा थोरल्यांच्या पाठीवरच वाढायची ही पोरं.”

त्यांनी कोपऱ्याकडे पाठ केली. मिनेगिशीबाईंचा हात धरून, कण्हत, त्या उकिडव्या बसल्या आणि दोन्ही हात मागे नेऊन त्यांची बैठक केली. “बस, गोचिडा. गुडघे दुखतात माझे.”

माझी जमीन कोपऱ्यात हलकी झाली आणि आजींच्या पायांखाली दबली.

त्या उठल्या. ओझे घेतलेल्या माणसासारख्या पुढे झुकून त्यांनी एकेक पाऊल टाकले. “केवढा जड झालास रे,” त्या उंबऱ्यावर पुटपुटल्या. त्या बाहेर पडल्या तेव्हा मी जेवढी वर उचलली गेले, तेवढे एकट्या आजींचे वजन नव्हते. मिनेगिशीबाई वाकल्या, आणि पावलांचा आवाज थांबेपर्यंत वाकूनच राहिल्या.

आता मी बंद आहे. आपण रिकाम्या असताना किती हलक्या असतो, हे मला ठाऊकच नव्हते. ते अजून सोसत नाही. मित्रांनो, जुन्या यंत्रांना तेल घाला, त्यांचे पितळ घासा, हे मी सांगायला हवे. पण त्याआधी एक ऐका. कुठे कोणी कोपऱ्यात बराच वेळ थांबलेले आढळले, तर नुसता नमस्कार करून पुढे जाऊ नका. जवळ जाऊन विचारा, तुला घ्यायला कोण येणार आहे?