पाटावरची काठी

हिरेमाळकर सरदारांची शिसवी काठी दुपारी बरोबर साडेबाराला विश्रामरावांच्या पाटावर जेवायला बसली. ताठ, भिंतीला न टेकता. कुमुदिनीबाईंनी तिला आधी वाढलं, वरणावर तूप सोडलं, तेही हात न आखडता. विश्रामरावांना गेली चार वर्षं पथ्यापायी तूप दिसलं नव्हतं.

त्यांच्या मनात पाल चुकचुकली. बड्या घराण्यांतल्या एकोणचाळीस काठ्या त्यांनी जमवल्या होत्या. काठी घेऊन कुणी दारात आलं, की पहिला प्रश्न ठरलेला, किती जुनी आहे? पण एकाही काठीने आजवर भुकेचं नाव काढलं नव्हतं. ही चाळिसावी. काल ती विकताना हिरेमाळकरांचा कारभारी म्हणाला होता, "मालक घरी नसले की त्यांच्या पाटावर हीच बसायची, साहेब. उठवायची ती मालकांनीच, बाहेरून आल्यावर."

हे त्यांनी बायकोला सांगितलंच नव्हतं. मग हिला कळलं कसं? कारभाऱ्याशी हिचं आधीच संगनमत असणार.

"अगं, मी इथेच आहे," ते म्हणाले.

"कसे असाल? काठी बसलीय ना," असं म्हणून कुमुदिनीबाईंनी काठीला भात वाढला.

तेवढ्यात शेजारचे मुल्ला मास्तर शिडी मागायला आले. विश्रामरावांच्या खांद्यावरून त्यांनी पाटाकडे पाहिलं.

"विश्रामराव गावाला गेले वाटतं?"

"हो ना."

मास्तरांनी काठीला नमस्कार केला आणि शिडी घेऊन गेले. म्हणजे हेही सामील.

विश्रामरावांनी काठी उचलून पाहिली, पण ती तसूभर हलली नाही. आता मात्र ते घाबरले. पस्तीस वर्षं ज्या पाटावर जेवले, तिथे त्यांना जागा नव्हती. बाहेर जाऊन परत येणं, एवढा एकच मार्ग उरला होता. मालक प्रवासाहून आल्यासारखा दिसावा म्हणून त्यांनी काठ्यांच्या स्टँडमधली एक काठी हातात घेतली, पायऱ्या उतरले आणि वळले. दार लागलं होतं. त्यांनी कडी वाजवली.

"तुम्ही जेवा हो, मी बघते," आतून कुमुदिनीबाईंचा आवाज आला.

दार उघडलं. बाईंनी आधी त्यांच्या हातातली काठी पाहिली.

"विकायला आणलीय का? आमच्या ह्यांना भारी नाद आहे, पण ते जेवताहेत. बसा पायरीवर."

"कुमुद, अगं..."

आत फरशीवर काठीच्या टोकाची पितळी शेंबी दोनदा वाजली. बाईंनी मान वळवून नीट ऐकून घेतलं.

"किती जुनी आहे, म्हणून विचारताहेत."